फ्रेडी गॉट फिंगर्ड: शिव्या द्या, पण आधी पूर्ण बघा

कॅनडाचा कॉमेडियन टॉम ग्रीन, त्याचं नाव काढलं की आमच्या ग्रुपमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते माणूस जीनियस आहे, आज जी पोरं मोबाईल घेऊन बाजारात अनोळखी लोकांना छळत फिरतात ती सगळी त्याचीच पिलावळ, फक्त त्याला डोकं होतं. दुसरी म्हणते विनोद-बिनोद काही नाही, घाण करायची आणि समोरचा चिडला की हसायचं, एवढंच त्याचं भांडवल. गंमत अशी की दोन्हीकडच्या बऱ्याच जणांनी त्याचा सिनेमा बघितलेलाच नाही, त्यातल्या सॉसेजवाल्या गाण्याची ती छोटी क्लिप तेवढी पाहिलीय आणि तेवढ्यावर निकाल देऊन मोकळे झालेत.

म्हणून म्हटलं चला, 'फ्रेडी गॉट फिंगर्ड' एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघून टाकू. ८७ मिनिटांचा तर आहे, एवढा वेळ आपण आकाशवाणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये घालवतो. यावलकडे एका मित्राच्या शेतात भरीत पार्टी ठरलेलीच होती, केळीच्या बागेला लागून घर आहे, भिंत पांढरी आहे, प्रोजेक्टर कोणाचा तरी आणला. अट एकच, पळवायचं नाही. आवडलं नाही तरी शेवटपर्यंत बसायचं आणि मग काय बोलायचं ते बोलायचं. एखाद्याचा पहिला सिनेमा बघताना एवढी माणुसकी तर दाखवलीच पाहिजे ना भो.

एक सूचना आत्ताच देतो, जेवण आधी उरकून घ्या. आम्ही नाही उरकलं. बामणोदची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजून झाली होती, मिरच्या कुटून झाल्या होत्या, कळण्याच्या भाकरी टोपलीत, प्रत्येकाच्या हातात ताट, आणि सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तर हिरो गाडी थांबवून रस्त्याकडेच्या एका घोड्यांच्या फार्ममध्ये घुसतो आणि तिथे पैदाशीच्या घोड्यासोबत असं काही करतो की जे मी इथे लिहिणार नाही. शहाद्याकडचा एक मित्र होता, दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणारा, त्याने शांतपणे घास गिळला आणि म्हणाला घोडा चांगल्या जातीचा आहे. बाकी दोघांनी ताटं खाली ठेवली.

आता हा टॉम ग्रीन कोण ते थोडक्यात, कारण ते माहीत नसेल तर सिनेमातलं अर्धं डोक्यावरून जातं. कॅनडाचा माणूस, १९७१ चा जन्म. ओटावामध्ये लोकल केबल चॅनलवर १९९४ पासून त्याचा स्वतःचा शो होता. आपल्याकडे पूर्वी गावोगावच्या केबलवाल्यांचं चॅनल असायचं, गणपतीची मिरवणूक अन् शाळेचं गॅदरिंग दाखवणारं, साधारण त्या लेव्हलचं समजा. तिथे तो रस्त्यावर लोकांची डोकी फिरवायचा, पण त्याचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे त्याचे स्वतःचे आईबाप. रात्री झोपलेल्या आईबापाच्या पलंगात गाईचं कापलेलं मुंडकं नेऊन ठेवलंय या माणसाने. बापाच्या गाडीवर असं चित्र रंगवलं की ती गाडी घेऊन कामावर जाणं बापाला मुश्किल. मग १९९९ मध्ये एमटीव्हीने शो उचलला आणि पोरगा रातोरात अमेरिकेत स्टार. २००० मध्ये त्याला अंडकोषाचा कॅन्सर झाला, तर पठ्ठ्याने त्या ऑपरेशनचाच एक तासाचा कार्यक्रम करून टीव्हीवर दाखवला. त्याला शिव्या देणाऱ्यांनी हा भाग मुद्दाम लक्षात ठेवावा, दुसऱ्याला उघडं पाडण्याआधी माणूस स्वतःला उघडं पाडायला तयार होता.

एवढ्या गाजावाजावर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने त्याला सिनेमा दिला. लिहायचा त्यानेच, जोडीला त्याचा जुना साथीदार डेरेक हार्वी, दिग्दर्शन त्याचं, हिरो तोच. बजेट साधारण १.४ कोटी डॉलर. २० एप्रिल २००१ ला अमेरिकेत लागला आणि समीक्षकांनी अक्षरशः चिरफाड केली. त्या वर्षी आपल्याकडे हँडपंप उपटणाऱ्या हिरोने थिएटरं डोक्यावर घेतली होती, त्यामुळे इकडे कोणाला पत्ताही लागला नसणार.

गोष्ट सांगतो. गॉर्ड ब्रोडी, वय २८, आईबापाच्या घरी तळघरात राहतो, कार्टून काढतो. सुरुवातीला घरच्यांनी गाडी वगैरे घेऊन देऊन लॉस एंजेलिसला पाठवलंय की जा बाबा, काहीतरी कर. तिथे चीज सँडविचच्या फॅक्टरीत काम करतो, अॅनिमेशन कंपनीच्या साहेबाला गाठून चित्रं दाखवतो, साहेब म्हणतो हात चांगला आहे पण यात काही अर्थ लागत नाही, प्राण्यांच्या आत शिरून बघ. पोरगा परत घरी. वाटेत गाडीखाली मेलेलं हरीण दिसतं, तो साहेबाचं बोलणं शब्दशः घेतो, कातडं काढून अंगावर पांघरतो आणि रस्त्यावर नाचतो, मागून ट्रक येऊन उडवतो. घरी बाप बसलेलाच आहे. धाकटा भाऊ फ्रेडी, वय २५, बँकेत नोकरीला, स्वतंत्र राहतो. म्हणजे रोजच्या रोज तुलना करायला घरचाच माल तयार.

हे वाचून तुम्हाला काही ओळखीचं वाटलं नाही तर तुम्ही खान्देशातले नाही. जळगावच्या कोणत्याही अभ्यासिकेत जा, धुळ्यात जा, सत्तावीस-अठ्ठावीसचे पोरं भरलेले, तिसरी-चौथी एमपीएससी, मधूनच पुण्याला जाऊन आलेले आणि परत आलेले. घरी अण्णा. अण्णा भुसावळला रेल्वेत नाहीतर वरणगावच्या फॅक्टरीत आयुष्य काढून रिटायर झालेले, सकाळी साडेपाचला उठायची सवय गेलेली नाही, ओट्यावर बसून असतात आणि पोरगं नऊला उठून बाहेर आलं की तोच एक प्रश्न, "काय करी राहिना रे तू दिनभर?" उत्तर काहीही द्या, चूकच. आणि शेजारच्याचा पोरगा बँकेत लागलेला असतोच, तो कुठे जातोय.

टॉम ग्रीनने या प्रश्नावर सिनेमा केलाय. घोडा, हरीण, हत्ती, हे सगळं त्यावर टाकलेलं पांघरूण आहे. मला हे पहिल्या अर्ध्या तासात कळलं नाही, म्हणजे हसत होतो, कधी तोंड फिरवत होतो, पण कळत नव्हतं की मला नक्की काय धरून ठेवतंय. मग लक्षात आलं की बाप पडद्यावर असला की कोणी मोबाईलकडे बघत नाहीये.

बापाचं काम केलंय रिप टॉर्नने. 'मेन इन ब्लॅक'मधला तो बॉस आठवतो का, तोच. पूर्वी ऑस्करला नॉमिनेशन मिळालेला नट, टीव्हीसाठी एमी जिंकलेला, खानदानी नट. असा माणूस या सिनेमात काय करतोय असं वाटतं, आणि बघता बघता कळतं की सिनेमा तोच ओढतोय. तो एका क्षणालाही कॉमेडी करत नाही भो, हेच मोठं आहे. बाकी कोणी असता तर डोळे मोठे करून, हातवारे करून, प्रेक्षकांना सांगितलं असतं की बघा मी विनोदी बाप आहे. हा माणूस खरा चिडतो. मानेच्या शिरा दिसतात. पोराने अंगणात स्केटबोर्डसाठी लाकडी रॅम्प बांधलाय, तो फोडतो तेव्हा रॅम्प नाही, पंचवीस वर्षांचं अपेक्षांचं ओझं फोडतोय असं वाटतं. पोराने खोटं सांगितलंय की कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली, सूट घालून सकाळी निघतो, आणि मग भारी हॉटेलात पोरीसोबत बसलेला असताना नेमका बाप तिथेच. तिथून जी मारामारी सुरू होते ती थेट लॉकअपपर्यंत. आमच्यातला एक, नाव सांगत नाही, सहा महिने घरी सांगत होता की पुण्यात कंपनीत आहे, तो या सीनला हसलाच नाही, उठून शेकोटीत लाकूड सरकवायला गेला. अट मोडली होती पण कोणी काही बोललं नाही.

आणि सिनेमा पोराची बाजू घेत नाही, हे मला फार आवडलं. आपल्याकडच्या अशा गोष्टींमध्ये पोरगा मनाचा हळवा कलाकार असतो, बाप दगड असतो, शेवटी पोरगा स्टेजवर बक्षीस घेतो आणि बाप मागे उभा राहून डोळे पुसतो. इथे पोरगा खरोखर असह्य आहे. तुमच्या घरात असा राहिला तर तुम्हीपण रॅम्प फोडाल. घरात सॉसेज दोऱ्यांना बांधून छतापासून टांगलेत, दोऱ्या बोटांना, आणि पियानो वाजवत ओरडतोय की डॅडी सॉसेज घेणार का. क्लिपमध्ये हे नुसतं येडेपण वाटतं. पूर्ण सिनेमात, आधीची भांडणं बघितल्यावर, तोच प्रकार वेगळा दिसतो, बापाने काम कर म्हटलंय, पोराकडे काम नाही, तर तो कामाचं असं भयंकर नाटक उभं करून दाखवतोय की घ्या, करतोय मी काहीतरी. हसू येतं आणि थोडं पोटात पण तुटतं.

बापाने एकदा भांडणात म्हटलेलं असतं की आपण पाकिस्तानात असतो तर तू चार वर्षांचा असताना फुटबॉल शिवत बसला असता. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे पोराला शोसाठी १० लाख डॉलरचा चेक मिळतो आणि तो बहुतेक पैसा कशात घालतो माहितीये? बेशुद्ध बापासकट अख्खं घर उचलून पाकिस्तानात नेऊन ठेवतो. बाप सकाळी दार उघडतो तर बाहेर पाकिस्तान. एका टोमण्याचा बदला घ्यायला आयुष्याची कमाई उडवणारी माणसं मी पाहिलीयेत, बांधावरच्या फूटभर जागेसाठी दोन एकर विकून कोर्टात केस लढणारी, त्यामुळे मला हे अजिबात अतिशयोक्त वाटलं नाही.

तो चेक कसा मिळतो हेसुद्धा बघण्यासारखं आहे. पोरगा दुसऱ्यांदा साहेबाकडे जातो, या वेळी कार्टून आहे 'झेब्राज इन अमेरिका', म्हणजे त्याची आणि बापाचीच गोष्ट. बाप पाठलाग करत ऑफिसात घुसतो आणि सगळी मोडतोड करतो. साहेबाला वाटतं हा प्रेझेंटेशनचाच भाग आहे, खूश होऊन शो पास. म्हणजे पोराच्या कलेला जो भाव आला तो बापाच्या रागामुळे आला. हे लिहिणाऱ्याला काही अक्कल नाही असं म्हणणाऱ्यांनी या एका सीनचं उत्तर द्यावं.

आणि आता हे सगळं सिनेमाच्या बाहेर धरून बघा. स्टुडिओ एका येड्या पोराला लाखो डॉलर देतो आणि तो ते पैसे स्वतःच्या खाजगी वेडेपणावर उधळतो, हे सिनेमात घडतं आणि सिनेमा बनवतानाही तेच घडलंय. नंतरच्या वर्षांत बऱ्याच जणांनी हे मांडलं आणि सिनेमाची बाजू घेतली, तेव्हा मात्र कोणी ऐकलं नाही. शेवटी बाप-लेक किडनॅप होऊन १८ महिन्यांनी परत येतात, विमानतळावर गर्दी, आणि त्या गर्दीतला एक जण बोर्ड धरून उभा आहे, त्यावर शिवीसकट लिहिलंय की हा सिनेमा एकदाचा संपणार कधी. आमच्याकडे तोपर्यंत दोन जण हेच बोलत होते. त्या बोर्डाला जेवढे हसलो तेवढे अख्ख्या सिनेमात नाही.

एवढं कौतुक झालं, आता जे नाही चाललं ते. आणि ते बरंच आहे.

पहिलं म्हणजे हा सिनेमा शोच्या सवयीतून सुटलेला नाही. जत्रेत तमाशा बघितलेल्यांना माहितीये, गण-गवळण झाली की बतावणी, बतावणीत सोंगाड्या एकटा पंधरा मिनिटं तंबू हलवतो, पण त्यानंतर वग असतो आणि वग उभा करणं वेगळी विद्या आहे. तिथे गोष्ट पुढे न्यावी लागते, एखाद्याला गप्प बसावं लागतं, पुढच्या प्रवेशासाठी काहीतरी राखून ठेवावं लागतं. टॉम ग्रीन बतावणीचा उस्ताद आहे आणि त्याने वगाच्या जागी एकामागे एक बतावण्याच लावल्यात. प्रत्येक सीन पहिल्या सेकंदापासून टिपेला. चाळीसाव्या मिनिटाला माणूस थकतो. सगळंच ओरडून सांगितलं तर ओरडण्याला किंमत काय राहिली. मधल्या भागात बाप दहाएक मिनिटं गायब झाला की सिनेमा लगेच खाली बसतो, आणि तेव्हा पडद्यावर एक माणूस नुसता विचित्र आवाज काढतोय एवढंच उरतं.

दुसरं, किळस. मला किळसेचं वावडं नाही, होळीला आमच्या गावात ज्या बोंबा ऐकत मोठा झालो त्यापुढे हे काही नाही. पण किळसेलाही कारण लागतं. घोड्याचा सीन मला चालला, कारण पोरगा घरातून सुटलाय, मोकळा आहे, आणि मोकळं झाल्यावर काय करायचं ते त्याला माहीत नाही. हरणाचा सीन तर मला खरंच चांगला वाटला, साहेबाचा गुळगुळीत सल्ला शब्दशः घेतला तर काय होतं ते दाखवणारा. पण हॉस्पिटलात मित्राला भेटायला जाऊन शेजारच्या बाईची डिलिव्हरी करतो आणि बाळाची नाळ धरून बाळाला गरगर फिरवतो, तो सीन कशासाठी आहे हे मला कोणी समजावून सांगावं. गोष्टीशी संबंध नाही, बापाशी संबंध नाही. रक्त सगळीकडे उडतंय आणि बघणारा विचार करतोय की एडिटिंगच्या वेळी खोलीत कोणी मोठं माणूस नव्हतं का. शेजारच्या लहान पोराला दर थोड्या वेळाने काहीतरी लागतं, रक्तबंबाळ होतं, तो जोक पहिल्यांदा हसवतो, नंतर आपण तो येणार म्हणून वाट बघतो आणि आला की ओके म्हणतो.

तिसरं, सिनेमाच्या नावातला जोक. फॅमिली थेरपीच्या वेळी गॉर्ड बापावर खोटा आरोप करतो की याने फ्रेडीवर लैंगिक अत्याचार केला. फ्रेडी २५ वर्षांचा, नोकरदार, तरी त्याला उचलून अत्याचारपीडित लहान मुलांच्या आश्रमात टाकतात, तो सांगतोय की मी मोठा आहे आणि कोणी ऐकत नाही. सरकारी यंत्रणा कागदावर लिहिलेलं खरं मानते आणि समोरचा जिवंत माणूस खोटा, हा विनोद म्हणून चांगला आहे, तहसीलला कधी जिवंत असल्याचा दाखला काढायला गेलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. पण ज्या पायावर तो उभा केलाय तो पाया मला नाही पटला, ज्या घरांत असं खरंच घडतं आणि पोरं तोंड उघडत नाहीत त्यांचा विचार एक क्षण तरी करायला पाहिजे होता. माझ्या मते चान्स देणं म्हणजे सगळं माफ करणं नाही, त्यामुळे हा मार्क मी कापला आणि परत देणार नाही. आमच्यात यावर बराच वाद झाला. एक म्हणाला इथे वाईट तर गॉर्डच दिसतो ना, सिनेमा त्याला शाबासकी थोडीच देतोय. बरोबर आहे, पण शिक्षाही देत नाही, आई घर सोडून जाते आणि तिचं पुढे शकील ओ'नीलसोबत जुळतं, हो तोच सात फुटी बास्केटबॉलवाला, आणि सगळं परत हसण्यावारी.

बेटीबद्दल मात्र मला उलटंच वाटलं. बेटी म्हणजे गॉर्डची मैत्रीण, व्हीलचेअरवर असते, मरिसा कॉगलनने काम केलंय. तिचं ओळख करून देणं अत्यंत भडक आहे, तिच्या पायांवर काठी मारून घेण्याचे वगैरे जे प्रकार आहेत ते बघून पहिल्यांदा वाटलं आता हिचीपण टिंगल. पण थांबा. अख्ख्या सिनेमात काहीतरी ठरवून ते पूर्ण करणारी एकटी तीच आहे. रॉकेटवर चालणारी व्हीलचेअर बनवायचीय, बनवते, टीव्हीवर बातमी येते, आणि ती बातमी बघूनच हरलेला गॉर्ड परत उठतो. गॉर्ड पैसे आल्यावर हेलिकॉप्टरने हिरे-माणकं घेऊन येतो तर तिला त्यात काही इंटरेस्ट नाही. तिच्याकडे कोणी कीव करून बघत नाही, फक्त बाप तिला घालूनपाडून बोलतो आणि तिथे सिनेमा स्पष्टपणे बापाच्या विरोधात उभा राहतो. २००१ च्या कॉमेडीत अपंग मुलीला एवढं स्वतंत्र डोकं दिलेलं मी फार पाहिलेलं नाही.

आता त्या वेळच्या निकालाबद्दल. रॉजर एबर्ट, अमेरिकेतला सगळ्यात वजनदार समीक्षक, याने शून्य स्टार दिले. न्यूयॉर्क टाइम्सच्या ए. ओ. स्कॉटसारखा एखादाच होता ज्याला यात काहीतरी वेगळं चाललंय असं वाटलं. पण मला एबर्टची पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पुढच्या वर्षी टॉम ग्रीनच्या दुसऱ्या एका सिनेमाबद्दल लिहिताना त्याने या सिनेमाची आठवण काढली, वाईटच होता असं परत म्हटलं, पण सोबत हेही कबूल केलं की वर्ष होऊन गेलं तरी तो अजून डोक्यातून गेलेला नाही आणि निदान त्यात काहीतरी मोठं करून बघायची हिंमत होती. शून्य देणाऱ्या माणसाने नंतर एवढं लिहावं, याला मोकळेपणा म्हणतात. आपल्याकडे एकदा बोललो की बोललो, मग समोरच्याने सोनं आणून दिलं तरी पितळच म्हणायचं.

टॉम ग्रीनने स्वतः काय केलं, तर वर्षातल्या सगळ्यात वाईट सिनेमांना रॅझी नावाचं उपहासाचं बक्षीस देतात, त्यातली याला पाच मिळाली, सगळ्यात वाईट सिनेमा, दिग्दर्शक, नट, पटकथा, जोडी. लोक सहसा ते घ्यायला जात नाहीत. हा गेला, स्वतःचं लाल कार्पेट घेऊन गेला, आणि स्टेजवर माउथ ऑर्गन वाजवत सुटला तो थांबेचना, शेवटी ओढून न्यावं लागलं. सिनेमाने थिएटरमध्ये साधारण १.४३ कोटी डॉलर कमावले, म्हणजे बजेटएवढेच, आणि जाहिरात वगैरे धरली तर स्टुडिओच्या हिशोबाने डब्बाच. त्यानंतर एवढ्या मोठ्या स्टुडिओने त्याच्या हातात दिग्दर्शन दिलं नाही.

हे सगळं मी खान्देशात बसून का लिहितोय, तर आपल्याकडे आत्ता हेच चालू आहे. युट्यूबवर खान्देशी कॉमेडीचा केवढा मोठा कारभार आहे, मोबाईलवर सुरू झालेली पोरं कुठल्या कुठे गेली, बिहारपासून बांगलादेशपर्यंत लोक बघतात. आणि त्यांच्याबद्दलसुद्धा घरोघरी दोन पार्ट्या आहेत, एक म्हणते पोट धरून हसवतात, दुसरी म्हणते खान्देशचं नाव खराब केलं, आपली अहिराणी सोडून असली हिंदी बोलतात, बहिणाबाईंच्या मातीत हे काय. दुसऱ्या पार्टीत माझे मोठे भाऊपण आहेत, आणि त्यांचं फेसबुक उघडलं की तेच व्हिडिओ चालू असतात. यातला एखादा उद्या दोन तासांचा सिनेमा काढेल, काढणारच आहे, तिकडे मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने घरच्या पैशात, सायकलला कॅमेरा बांधून सिनेमे काढून दाखवलेत की. तेव्हा आपण काय करणार, ट्रेलरच्या खाली शिवी टाकून पुढे सरकणार, का तिकीट काढून बसणार. मी बसणार. पण बसल्यावर कौतुकच करेन अशी हमी नाही, आणि बतावणीच्या पुढे जाऊन वग उभा केलाय का ते बघणार.

टॉम ग्रीनने अर्धा केलाय. बाप-लेकाचा अर्धा भाग मला पक्का वाटला, तेवढाच ठेवून पन्नास मिनिटांचा सिनेमा केला असता तर मी लोकांना जबरदस्तीने दाखवला असता. उरलेल्यात चार-पाच ठिकाणी जोरात हसलो, दोन ठिकाणी भिंतीकडे न बघता केळीच्या घडांकडे बघितलं. पाचपैकी अडीच देतो, आणि रिप टॉर्नला वेगळे पाच.

आमच्या मंडळींचं म्हणाल तर शिव्या देणाऱ्या पार्टीतला एक जण बाजू बदलून इकडे आला, आणि जीनियस म्हणणारा एक जण बाळाच्या सीननंतर गप्प झाला तो घरी जाईपर्यंत. शहाद्याचा मित्र म्हणाला हत्ती नाही आवडला, घोडा ठीक होता. हत्तीचा सीन शेवटी पाकिस्तानात आहे, त्याबद्दलही मी काही लिहिणार नाही, बघाल तेव्हा कळेल.

कोणासोबत बघायचा हे विचाराल तर आईसोबत नको, वहिनीसोबत नको, लहान पोरं घरात असतील तर ती झोपल्यावरही नको कारण आवाज फार आहे. नुकतंच लग्न ठरलं असेल तर तिच्यासोबत तर अजिबात नको, निदान लग्न होईपर्यंत. बरोबरीच्या मित्रांसोबत बघा, इंग्लिश सबटायटल लावा कारण रिप टॉर्न रागात असला की अर्धे शब्द दातातच राहतात आणि तेच शब्द ऐकण्यासारखे आहेत. घोडा आणि बाळ नाही झेपलं तर तेवढं पुढे सरकवा, माझी हरकत नाही, आमची अट आमच्यापुरती होती. पण रॅम्प फोडायचा सीन, हॉटेलातली मारामारी आणि साहेबाच्या ऑफिसातली मोडतोड, ही तीन सोडून मला येऊन सांगू नका की सिनेमा बकवास आहे.